हिशेब आधी तोंडी, मग कागदावर

व्यवहारी गणिताचा सराव म्हणजे शाब्दिक उदाहरणांत आंबे, पेरू आणि कापडाचे तागे पेरणे नव्हे. पाचवी ते आठवीच्या मुलांना दुकानात, एसटीत, दूध डेअरीवर आणि शेताच्या बांधावर जे हिशेब खरोखर पडतात, ते बिनचूक आणि न घाबरता करता येणे हा त्याचा गाभा आहे. या वयात चारही क्रिया शिकून झालेल्या असतात. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, प्रमाण हे एकामागून एक येत असतात, आणि नेमकी याच टप्प्यावर वर्गातले गणित व घरचा हिशेब यांची फारकत होते. २०१७ साली ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली, तेव्हा दाखवलेले पैसे मोजणे ७६ टक्क्यांना जमले, पण किलोतल्या वजनांची बेरीज ५६ टक्क्यांनाच आली. यातली बहुतेक मुले आठ इयत्ता पार केलेली होती.

महाराष्ट्रात या सरावाची एक जुनी, भक्कम पद्धत होती. पाढ्यांच्या जोडीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा पाठ करून घेतली जाई. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे १६ आणे आणि शेराचे चार पावशेर, त्यामुळे पाव-अर्धा-पाऊण हे पावलोपावली लागत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो, लिटर आणि मीटर आले, आणि अपूर्णांकांचे हे पाढे उजळणीतून हळूहळू मागे पडले. पाठांतराचा तो डोंगर पुन्हा मुलांच्या डोक्यावर ठेवायचे कारण नाही. मात्र पाढे गेले तरी बाजार आजही पावात, दिडात आणि अडीचातच बोलतो, आणि वर्गात त्याऐवजी फक्त ०.२५ आणि १.५ उरले आहेत.

समजा टोमॅटो ४८ रुपये किलो आहेत आणि घ्यायचे आहेत सव्वा किलो. सातवीतला विद्यार्थी बहुधा वही उघडून १.२५ × ४८ असे मांडतो, खाली ओळी पाडून गुणाकार करतो आणि शेवटी दशांशचिन्ह कुठे द्यायचे यापाशी थबकतो. भाजीवाल्या मावशी ४८ मध्ये त्याचा पाव, म्हणजे १२, मिळवतात आणि ६० सांगतात. गणित दोघांचे एकच. मावशींनी सव्वाची फोड ‘एक आणि पाव’ अशी केली, एवढाच फरक. सराव द्यायचा तो या फोडीचा. पाव हवा तर अर्ध्याचे अर्धे करायचे. पाऊण म्हणजे पूर्णातून पाव काढलेला, दीड म्हणजे पूर्ण आणि अर्धा, अडीच म्हणजे दुप्पट आणि अर्धा. ४४ रुपये किलोची ज्वारी अडीच किलो घेतली तर ८८ आणि २२, झाले ११०. एवढ्या फोडी पक्क्या झाल्या की जुन्या पाढ्यांचे बहुतेक काम भागते, आणि पाढ्यात कधीच नसलेल्या आकड्यापाशीही मूल अडत नाही.

एसटीच्या तिकिटाचे उदाहरण पाठ्यपुस्तकांत फार पूर्वीपासून आहे: इतके मोठे, इतकी लहान, लहानांना अर्धे तिकीट. २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट लागते, म्हणजे उदाहरणही बदलायला हवे. बाबा, आई, सत्तरीची आजी आणि दहा वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले आणि पूर्ण भाडे समजा ९० रुपये आहे. बाबांचे एक पूर्ण, बाकी तिघांची तीन अर्धी मिळून दीड. एकूण अडीच तिकिटे. १८० आणि ४५, म्हणजे २२५. जो विद्यार्थी ९० अधिक ४५ अधिक ४५ अधिक ४५ करतो त्याचेही बरोबरच येते, पण ‘अडीच तिकिटे’ हे ज्याला दिसले त्याला प्रमाण दिसले. म्हणून उत्तरापाशी थांबू नये. ‘कसं काढलंस?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा. फक्त चुकलेल्यांनाच तो विचारला गेला, तर मुले तो ऐकताच उत्तर खोडायला लागतात.

सुट्या पैशांची वजाबाकी अशीच. बिल ३६७ रुपयांचे, दिली ५०० ची नोट. कागदावर दोन शून्यांमधून हातचे घ्यावे लागतात आणि तिथेच घोटाळा होतो. दुकानदार खालून वर चढत जातो: ३ दिले की ३७०, ३० दिले की ४००, १०० दिले की ५००. परत मिळाले १३३. आता पैसे फोनवरून जातात, सुटे हातावर मोजून घेण्याचा प्रसंग कमी झाला, आणि वर चढत मोजण्याची ही रीत मुलांच्या नजरेस पडेनाशी झाली आहे. घरून मिळत होते ते आता वर्गात मुद्दाम आणावे लागते, पुठ्ठ्याच्या नोटा करून का होईना.

बाजारातली रीत शिकली म्हणजे वर्गातले गणित आपोआप येते, असा मात्र अनुभव नाही. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या १२ वर्षांच्या एका मुलाला ३५ क्रुझेरोंचा एक याप्रमाणे दहा नारळांचे किती, असे विचारले. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनांचे धरून २१०, पुढच्या तिनांसह ३१५, आणि उरलेल्या एकाचे मिळवून ३५०. संख्येपुढे शून्य देण्याची शाळेतली युक्ती त्याने वापरलीच नाही. या मुलांची बाजारातली जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर आली, आणि तीच गणिते कागदावर निव्वळ आकड्यांत दिली तेव्हा निम्मीसुद्धा जमली नाहीत. २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाच्या अभ्यासात कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबत हेच दिसले. उलट बाजूही तितकीच बोलकी होती: शाळेतले गणित येणारी, बाजारात काम न करणारी मुले बाजारातल्या हिशेबात मागे पडली. दोन्ही काठ आहेत, पण पूल शिक्षकालाच बांधावा लागतो.

तो बांधायचा तर मुलाची तोंडी रीत त्याच्या देखत फळ्यावर लिहावी. ‘४८ आणि १२’ असे कोणी म्हणाले की ४८ × १ + ४८ × १/४ अशी ओळ मांडायची, तिच्याखाली ४८ × १ १/४, आणि त्याखाली ४८ × १.२५. तिन्ही ओळींचे उत्तर ६०. आपण मनात केले त्यालाच पुस्तकात वितरणाचा गुणधर्म म्हणतात, हे आठवीत कंस सोडवताना कळण्यापेक्षा सहावीत भाजीच्या हिशेबात कळलेले फार बरे.

दशांश अपूर्णांकांपाशी जरा जास्त थांबावे लागते, कारण इथली चूक मुलांच्या निष्काळजीपणाची नसते, ती व्यवहारातूनच येते. दूध डेअरीची पावती घ्यावी. तीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक), दर आणि रक्कम छापलेली असते; गायीच्या दुधाचा दर राज्यात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून ठरतो. सकाळचे फॅट ३.४५ आणि संध्याकाळचे ३.५ असेल, तर जास्त कोणते? सहावीच्या वर्गात बरीच मुले ठामपणे ३.४५ सांगतात. पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे, हा त्यांचा तर्क, आणि तो रुपये-पैशांवरून आलेला असतो: टिंबाच्या अलीकडे रुपये, पलीकडे पैसे, जणू दोन वेगवेगळ्या संख्या.

याच तर्काने १ किलो ५० ग्रॅम हे १.५ किलो लिहिले जाते, खरे तर ते १.०५० आहे. १ तास ३० मिनिटांचे १.३० होते, तर दीड तास म्हणजे १.५. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४०.०० असे दोन टिंबांनी लिहिलेले असते: शून्य हेक्टर, ४० आर, शून्य चौरस मीटर. एकच टिंब, पण पलीकडे कुठे शंभराचा भाग, कुठे हजाराचा, कुठे साठाचा. ‘दोन्हीकडे अंक सारखे करून घ्या, ३.५० लिहा’ एवढा नियम सांगितला की परीक्षेपुरते भागते. पण ही चार टिंबे शेजारी शेजारी मांडून ‘इथे पुढचा एक कधी पुरा होतो?’ असे विचारले, तर चूक मुळापासून जाते. वर्गात इलेक्ट्रॉनिक काटा आणता आला तर उत्तम. पाव किलो साखर ठेवल्यावर ०.२५० दिसते, त्यात ५० ग्रॅम टाकले की ०.३०० होते, आणि मग ०.३ हे ०.२५ हून मोठे आहे हे कोणाला सांगावे लागत नाही.

पावतीवरच अदमासाचाही सराव होतो. ६.४ लिटर, दर समजा ३५ रुपये. गुणाकाराआधी विचारावे: रक्कम कोणत्या दोन आकड्यांमध्ये पडेल? सहा लिटरचे २१०, सात लिटरचे २४५, म्हणजे त्यांच्या मधेच. मग २२४ आले की पटते, २२.४० किंवा २२४० आले की मूल स्वतःच परत बघते. दशांशचिन्ह सरकलेले ओळखण्याची याहून भरवशाची रीत नाही.

शेकडेवारीत दहा टक्के पक्के करावेत. त्यावरून पाच, वीस, पंधरा सगळे तोंडी निघतात. दुकानाच्या पाटीवरची ‘२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के’ ही मुलांच्या आवडीची जागा. ८०० चा शर्ट आधी ६४० ला येतो. पुढचे दहा टक्के या ६४० वरचे, म्हणून ५७६. सरसकट तीस टक्के असते तर ५६० पडले असते. व्याजाचे मोल याहून मोठे. गावात ‘शेकडा दोन रुपयांनी’ पैसे मिळतात म्हणतात तेव्हा तो दर महिन्याचा असतो, पुस्तकातला आणि बँकेचा दर वर्षाचा. ५,००० रुपयांवर महिन्याला १०० जातात, वर्षाला १,२००, म्हणजे दरसाल दरशेकडा २४. हे रूपांतर सातवीच्या प्रत्येक मुलाला झोपेतही करता यायला हवे.

तेच पैसे बचत गटातून त्याच दराने घेतले आणि मुद्दल दरमहा ५०० प्रमाणे फेडले, तर व्याज उरलेल्या मुद्दलावर लागते: पहिल्या महिन्यात १००, मग ९०, ८०, असे दहाव्या महिन्यात १०. मुले ही बेरीज दोन टोके जुळवून करतात. शंभर-दहा, नव्वद-वीस, अशा ११० च्या पाच जोड्या, एकूण ५५०. मूळ रकमेवरच दरमहा व्याज धरणाऱ्याकडे दहा महिन्यांचे १,००० गेले असते.

जमिनीचे माप आणि विजेचे बिल थोडक्यात होतात. एक गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. शाळेच्या मैदानात दोरीने आखला की तो कायमचा डोळ्यांत बसतो. असे ४० गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावरचा आर साधारण १,०७६ चौरस फुटांचा, म्हणून बोलण्यात आर आणि गुंठा एकच धरले जातात. विजेच्या बिलात १०० युनिटांनंतर दर वाढतो तो पुढच्या युनिटांनाच. १४० युनिटांसाठी सोयीचे दर ५ आणि ११ रुपये घेतले, तर वीज आकार ५०० अधिक ४४०. सगळ्या युनिटांना ११ चा दर लावण्याची चूक मोठी माणसेही करतात.

सराव थोडा, पण रोजचा असावा. तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटे पुरतात, अट एवढीच की उदाहरणे मिसळलेली हवीत. सलग वीस गणिते नफा-तोट्याची दिली की तिसऱ्यापासून मूल वाचणे सोडते आणि वजाबाकी करत सुटते. कोणती क्रिया करायची हे ठरवणे हाच व्यवहारातला कठीण भाग, आणि एकजिनसी सरावात नेमका तोच वगळला जातो. निव्वळ आकड्यांचा सराव हवा तिथे देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधलेली ६१७४ ची गंमत अजून उपयोगी पडते. ३५२४ घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करा. ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. चारही अंक सारखे नसले तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचते. हातच्याची इतकी वजाबाकी मुले आपणहून करतात, आणि ६१७४ आले नाही तर कुठेतरी चुकले हे त्यांचे त्यांनाच कळते.

घरून कागद मागवताना जपावे लागते. विजेचे बिल, डेअरीची पावती, किराण्याची यादी चालते. कर्जाची वही, पगार, उधारी मागू नये. तसे आकडे शिक्षकाने स्वतः मांडावेत.

शाळेतला बाल आनंद मेळावा हा या सगळ्याचा प्रत्यक्ष पेपर असतो, पण तो बहुतेक ठिकाणी खाऊ संपला की संपतो. दुसऱ्या दिवशीचा गणिताचा तास त्याच्या जमाखर्चाला ठेवावा. मुले आणलेल्या पोह्यांचे आणि शेंगदाण्यांचे पैसे लिहितात, विक्री लिहितात आणि भरघोस नफा जाहीर करतात. घरातले तेल, गॅस, कांदा कोणी धरलेला नसतो. उरलेल्या मालाचे काय करायचे, हे ठरलेले नसते. भेळ करायला आईला दोन तास लागले, त्याचे किती लावायचे, यावर दोन गट पडतात. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसते. प्रत्येक गटाने आपला ताळेबंद स्वतंत्र लिहावा, दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लावावेत आणि नफ्याच्या आकड्यात फरक कुठल्या ओळीमुळे पडला ते मुलांनीच शोधावे.