हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवून पाणी सोडावे, ही आपल्याकडील जुनी रीत. कोणा चतुर गृहस्थाने हे तुळशीपत्र स्वतःच्या घरावर न ठेवता हलवायाच्या घरावर ठेवले आणि पुण्य मात्र आपल्या खाती मांडून घेतले. त्याची म्हण झाली, आणि ती ऐकताच आजही आपण हसतो. परंतु ते पान घरावर किंवा मिठाईच्या परातीवर न ठेवता एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीच्या मस्तकावर ठेवले गेले, तर ते हसू ओठांवरच थिजावे. मुलांच्या विक्रीचा विचार मनात आला की ही म्हण माझ्यापुढे उभी राहते. कारण मुलाला विकणारा माणूस ‘मी विकतो’ असे फार क्वचित म्हणतो. बहुधा तो ‘देतो’ असेच म्हणतो. देवाला देतो, मामाकडे देतो, कामाला देतो, चांगल्या घरी देतो!

आपल्या शास्त्रकारांना ही वाट अपरिचित नव्हती. दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वामित्व सोडून ते दुसऱ्याचे करणे, अशी त्यांची व्याख्या आहे. तेव्हा जिच्यावर आपले स्वामित्वच नाही, ती वस्तू द्यायची कशी? याज्ञवल्क्यस्मृतीत तर स्पष्टच सांगितले आहे की, कुटुंबाला बाध न येईल अशा बेताने आपले धन द्यावे. मात्र पत्नी आणि पुत्र यांना वगळून. हा नियम वाचून मन क्षणभर सुखावते, आणि लगेच अस्वस्थ होते. पुत्र अदेय ठरला, हे ठीक, पण कन्या? तिच्या विवाहालाच आपण दान म्हणतो. ज्या समाजाच्या नित्याच्या बोलण्यात मुलगी ही ‘देण्याची’ वस्तू आहे, त्या समाजात तिला भलतीकडे देणाराचा हात सहज कापत नाही, यात नवल ते काय?

जेजुरीच्या खंडोबाला मुरळी सोडण्याची चाल याच मातीत रुजली. मूल होत नाही, झालेले जगत नाही, घरातले दुखणे हटत नाही, म्हणून आईबाप नवस बोलत. आणि तो फेडण्यासाठी मुलीचे देवाशी लग्न लावीत. अंगावर भंडारा उधळला जाई, गळ्यात माळ पडे, आणि ती मुलगी जन्माची देवाची होई. देवाची म्हणजे कोणाचीच नव्हे. म्हणून पुढे ती कोणाचीही होई. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या मुलींची कहाणीही हीच. त्यांतल्या कित्येकींची वाट पुढे मुंबईच्या कामाठीपुऱ्यात जाऊन संपली. हे आईबाप राक्षस नव्हते. ते भाविक होते. आपण देवाचे ऋणी आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते. फक्त ते ऋण त्यांनी फेडले ते मुलीच्या आयुष्यातून. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने २००५ साली नवा कायदा केला. एकाच गोष्टीसाठी सत्तर वर्षांच्या अंतराने दोन कायदे करावे लागतात, यावरून त्या तुळशीपत्राचे मूळ किती खोल गेले असावे, याची कल्पना करावी.

तेव्हा कोणी बुद्धिवादी मित्र म्हणेल की, ‘रोगाचे मूळच श्रद्धेत आहे, तीच उपटून टाका.’ हा युक्तिवाद सरळ आहे. पण इतिहास इतका सरळ नाही. मुरळीच्या चालीविरुद्ध महाराष्ट्रात ज्यांनी पोटतिडकीने आवाज उठविला, त्यांत विठ्ठल रामजी शिंदे हे नाव अग्रभागी आहे. आणि शिंदे हे धर्माचे शत्रू नव्हते, धर्माचे प्रचारक होते. जमखंडीच्या भाविक घरात वाढलेला हा मनुष्य ऑक्सफर्ड येथे जाऊन धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आला, तो प्रार्थनासमाजाची वेदी सांभाळण्यासाठी. ईश्वर सर्वांचा पिता आहे, हे वाक्य त्यांनी शब्दशः खरे मानले. मग त्या पित्याला कोणाची तरी लेक ‘बायको’ म्हणून वाहणे म्हणजे त्याची विटंबना, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. त्यांच्या विरोधाला धार आली, ती श्रद्धेमुळेच.

शिंदे यांचा जन्म १८७३ सालच्या २३ एप्रिलचा. त्याच तारखेला, त्यांच्याआधी पंधरा वर्षे, पंडिता रमाबाईंचा जन्म झाला होता. हा केवळ योगायोग. पण या विषयाचा विचार करताना माझे मन शेवटी रमाबाईंपाशीच येऊन थांबते.

रमाबाईंचे पांडित्य आपण शाळेत वाचतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी कन्येला संस्कृत शिकविले, कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली तिला ‘सरस्वती’ म्हटले, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्या गौरवाच्या मागे जे होते, ते आपण घाईने ओलांडतो. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात या कुटुंबाने तीर्थामागून तीर्थे पालथी घातली; आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली; आणि रमाबाई व त्यांचे बंधू उपाशीपोटी, अनवाणी देशभर हिंडत राहिले. भूक माणसाला कोणत्या दारापाशी आणून उभी करते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

पुढे इंग्लंडात, १८८३ साली वाँटेजच्या मठात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यानंतर मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम पाहण्यास पाठविले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी नाव ठेवलेल्या एका बाईशी तो थांबून बोलला, एवढीच ती कथा. रमाबाईंनी ती हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. त्या थांबण्याने त्यांच्या आयुष्याचा रोख ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या शारदासदनाचा व्याप पुण्यात मोठा होता आणि पैसा तुटपुंजा होता. न जाण्याला कारणे पुष्कळ होती. पण आपली जुनी भूक त्यांना आठवली, आणि त्या गेल्या. तेथे त्यांनी पाहिले ते असे की, उपासमार एकटी येत नाही. तिच्यामागून दलाल येतो. अन्नछत्रांत आणि सरकारी मदतीच्या छावण्यांत निराधार मुलींच्या शोधात कुंटिणी फिरत होत्या. गोड बोलून, शिधा दाखवून, नात्याची बतावणी करून त्या मुलींना घेऊन जात. एखादा रुपया, काही आणे, कधी नुसते मापभर धान्य, एवढ्या मोलाने मुलगी हातची जात होती. जिथे सरकारने भुकेल्यांना जगविण्यासाठी छत्र उघडले, तिथेच बाजार भरला होता!

रमाबाईंनी त्या बाजारातून सुमारे तीनशे मुली उचलून आणल्या. पुण्यात प्लेगाची धामधूम, म्हणून त्यांना केडगावच्या उजाड माळावरच्या शेतावर नेले. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुली प्रथम राहुट्यांत आणि झोपड्यांत राहिल्या. १८९८ साली ‘मुक्ती’ची इमारत उभी राहिली, १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणि रमाबाईंनी या मुलींना केवळ जेवू घातले नाही. शेती, गोठा, माग, तेलाची घाणी, छापखाना, असे सारे तेथे उभे केले. सोडवून आणलेली मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहिली नाही, तर दलाल कुंपणाबाहेर वाट पाहत बसलेलाच असतो, हे ज्ञान त्यांना त्या काळी होते. कित्येक सदिच्छावाद्यांना ते आजही नसते.

आता आक्षेपाकडे वळू. रमाबाईंनी मुली वाचविल्या त्या ख्रिस्ती करण्यासाठी, हा आरोप त्यांच्या हयातीतच झाला. शारदासदनातील मुली प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले; केसरीने तर रान उठविले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. माझी श्रद्धा पंढरीच्या वाटेवरची आहे. रमाबाईंची मला आपली करता येत नाही. आणि म्हणीचा न्याय सर्वांना सारखाच लावला पाहिजे. निराधार मुलाचा धर्म हादेखील त्या मुलाचाच. संरक्षकाने आपल्या देवाच्या नावाने त्यावर पान ठेवले, तर तेही हलवायाचे घरच. एवढे बोलून झाल्यावर मात्र मला आक्षेपकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. मध्य प्रांताच्या त्या छावण्यांत कुंटीण पोहोचली, पाद्री पोहोचले, रमाबाई पोहोचल्या. मग आपण किती जण पोहोचलो होतो? ज्या धर्माच्या मुली नेल्या म्हणून आपण रडलो, त्या धर्माने त्यांना नेण्यासाठी वेळेवर किती गाड्या जुंपल्या होत्या?

तो बाजार उठला, असे समजण्याचे कारण नाही. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील कातकरी वस्त्यांतली लहान मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेल्याची हकीकत वृत्तपत्रांतून आली. मापभर धान्याच्या जागी मेंढी आली, एवढाच सव्वाशे वर्षांतला फरक! दलालाची रीतही तीच आहे. तो अंधारातून येत नाही. ओळखीचा असतो, गावचा असतो, पुष्कळदा नात्यातला असतो. अडल्या वेळी तो उचल देतो, आणि उचलीच्या बदल्यात मूल घेऊन जातो. आईबापांची संमती असते, मुलालाही शहराची हौस असते. म्हणूनच आजचा कायदा ही संमती जमेस धरीत नाही. शोषणासाठी मूल नेले की तो अपराध, मग ‘हो’ कोणीही म्हटलेले असो. याज्ञवल्क्यांनी अदेय म्हटले, कायद्याने अविक्रेय म्हटले; दोघांचा आशय मला एकच दिसतो.

पण नाशिकच्या डोंगरापर्यंत तरी कशाला जायचे? आमचे भजनी मंडळ ज्या एका घरी जमत असे, तेथे चहाचे पेले आणून देणारी मुलगी दहा वर्षांची होती. अभंग चालू असता ती दाराआड उभी राहून टाळांकडे पाहत असे. कोठली, असे विचारता गृहिणी कौतुकाने म्हणाल्या, “गावाकडच्या ओळखीच्या बाईंनी आणून दिली. बापाचं कर्ज होतं, ते आम्हीच फेडलं. अहो, घरच्या मुलीसारखी ठेवली आहे हो!” मी म्हटले, “वहिनी, घरच्या मुलीसारखी, तर मग शाळा कोणती?” त्यावर कोणी काही बोलले नाही. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्या मुलीला नवे परकर-पोलके घेत, दुखलेखुपले पाहत, आणि हे सारे आपल्या पुण्याच्या खाती जमा होते असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामास ठेवणे २००६ सालापासून बेकायदा आहे, हे मी त्यांना तीन वेळा समजावून सांगितले. चौथ्या वेळी मी १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी केला. मुलगी बालकल्याण समितीपुढे गेली, आणि काही महिन्यांनी तिच्या तालुक्यातल्या आश्रमशाळेत दाखल झाली.

मंडळात याचे पडसाद उमटले. ‘भजनाच्या जागी असले विषय काढू नयेत’ असे मला सांगण्यात आले. मला हे कळत नाही की, असले विषय तिथे काढायचे नाहीत, तर काढायचे कोठे? देव सर्वांभूती आहे, असे टाळाच्या ठेक्यावर दर आठवड्याला आम्हीच म्हणतो. मग दाराआडचे भूत तेवढे त्या ‘सर्वां’तून वगळायचे की काय? श्रद्धा मनुष्याला हळवे करते, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. हळवेपणाने डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांना दिसत कमी. श्रद्धेने मनुष्याची नजर स्वच्छ झाली पाहिजे, आणि तिने त्याला हिशेब विचारला पाहिजे: हे जे तू देतोस म्हणतोस, ते तुझ्या पदरचे आहे काय?

रमाबाईंनी पदरचे दिले. त्याबद्दल आयुष्यभर आपल्याच माणसांत त्या परक्या झाल्या. शिंदे आपल्याच समाजात एकाकी पडले. त्यांच्या मानाने माझे गेले ते काय? एका घरचा चहा आणि चार जणींचे बोलणे. पुढच्याच महिन्यात मंडळातल्या सर्वांत वयस्कर काकू मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, “माझ्या नणंदेकडेही एक आहे, आठ-नऊ वर्षांची. तो नंबर काय म्हणालीस?” मी सांगितला. त्यांनी पिशवीतून आरत्यांची वही काढली आणि पहिल्याच पानावर तो लिहून घेतला.