बागेतलं भाताचं खाचर

आजची नोंद आपल्या रानातली नाही, पुण्यातली आहे. तरी पाण्याचीच आहे, म्हणून इथे लिहितो.

सिंहगड रोडवर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. 2006 साली सुरू झालं, जागा साधारण 10 एकर. जपानात ओकायामा शहरात कोराकुएन नावाची 300 वर्षांपूर्वीची बाग आहे, तिच्यावरून हे बेतलेलं. मागच्या आठवड्यात पुण्यात दवाखान्याचं काम होतं, मधे तीन तास मोकळे होते, म्हणून आत जाऊन बसलो.

शहरातली माणसं तिथे शांत बसायला येतात. मला मात्र आधी उतार दिसला. जमीन एका पातळीत कुठेच ठेवलेली नाही. हलके चढउतार, त्यावर हिरवळ, मधून वळणं घेत जाणारा पाट, पाटावर छोटे पूल, शेवटी तळं आणि त्यात रंगीत मासे. पाणी कुठेही जोरात पळत नाही आणि कुठेही तुंबत नाही. ज्याने कधी रात्री दारं धरली आहेत त्याला कळेल, एवढं सुरेख पाणी खेळवायला लेव्हल किती काटेकोर लागते. काठाला दगड असे बसवलेत की माती धुपत नाही आणि दगड मुद्दाम लावलेत असंही वाटत नाही. आपल्या शेततळ्याच्या सांडव्याला असं काम कुणी करून दिलं तर!

तिथल्या माळीबुवांना विचारलं, पाणी कुठलं? म्हणाले, कालव्याचंच की. म्हणजे खडकवासल्याहून निघून पुण्यातून, हडपसर-यवतवरून दौंड-इंदापूरपर्यंत येणारा आपला कालवा. आम्ही टेलवाले. वर पाऊस पडतो वेल्हे-मुळशीच्या डोंगरात, तिथल्या भातखाचरांच्या शेजारी. मधे शहर पितं. मग उरेल ते आवर्तन आमच्यापर्यंत. बागेला लागतं ते पाणी या हिशोबात किरकोळ आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पाटाकडे बघत बसलो तेव्हा डोक्यात बारीचाच विचार चालू होता, हे खरं.

घरी आल्यावर पोरीने मोबाईलवर मूळ बागेची माहिती काढून दिली. त्यातली एक गोष्ट अशी निघाली की दोन दिवस तीच घोळतेय. त्या मूळ बागेत भाताचं खाचर आहे. चहाची लागवडही आहे.

ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये ही बाग करायला घेतली आणि 1700 पर्यंत ती आकाराला आली. काम पाहिलं त्सुदा नागातादा या त्याच्या कारभाऱ्याने. हा माणूस समुद्रकाठची खाजणं बुजवून शेतजमीन काढण्यात वाकबगार होता, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. बागेत पाटाची लांबी 640 मीटर आहे. एका ठिकाणी तर पाट इमारतीच्या आतून, छपराखालून नेलाय. दोन्ही बाजूंना लाकडी ओटा, मधे वाहतं पाणी, त्यात रंगीत दगड. बसा, बाकी काही करायचं नाही. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात बागेतल्या पुष्कळ इमारती जळाल्या, ही वाचली. सुरुवातीच्या काळात आजच्या हिरवळीची बरीच जागा शेतीखाली होती, असंही वाचलं.

आणि ते खाचर. त्याची आखणी नऊ चौकटींची. दोन उभे बांध, दोन आडवे, जसं चिनी लिपीत विहिरीचं अक्षर काढतात तसं. जुनी चिनी पद्धत अशी की कडेच्या आठ चौकटी आठ कुटुंबांच्या आणि मधली नववी सगळ्यांनी मिळून कसायची. तिचं पीक सरकारला. म्हणजे सारा नवव्या हिश्श्याचा. आपल्याकडे निम्म्या वाट्याने रान करणाऱ्याने हा हिशोब एकदा मांडून बघावा! या सरदाराच्या घराण्याने त्या पद्धतीचा नमुना बागेत जपला. आजही जूनमध्ये तिथे लावणीचा सोहळा होतो.

माझं मन इथे दोन्हीकडे ओढलं जातं. एकीकडे वाटतं, ओट्यावर बसून दुसऱ्याची लावणी बघणं ही कसली शांतता? चिखलात कंबर मोडते ती वाकणाऱ्याची. दुसरीकडे वाटतं, निदान अन्न कुठून येतं ते त्या माणसाने नजरेआड केलं नाही. कोराकुएन या नावाचा अर्थ ‘नंतर सुख घेण्याची बाग’. राज्यकर्त्याने काळजी लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या नंतर घ्यावं, अशा चिनी वचनावरून ते आलंय. पण नाव मिळालं 1871 ला, म्हणजे सरदारकी बुडाली त्याच वर्षी. लोकांसाठी बाग खुली झाली 1884 मध्ये.

शहरातला पाहुणा आपल्याकडे आला की म्हणतो, तुमचं बरंय, रोज हिरवाईत राहता, डोक्याला ताप नाही. आपण हसतो. आपल्याला हिरवं दिसलं की आधी मावा-तुडतुडा दिसतो, वाफसा दिसतो. उसाकडे शांतपणे बघता येतं ते फक्त पाणी सुटल्याचा निरोप आल्यावर. त्या बागेत मला बरं वाटलं ते याच कारणाने असावं. तिथल्या एकाही रोपाला मी पाणी द्यायचं नव्हतं.

पुण्याच्या बागेत मला खाचर कुठे दिसलं नाही. हिरवळीवर चालू नका, एवढे फलक दिसले. मला वाटतं, तिथे एक गुंठ्याचं खाचर करावं. नऊ चौकटींचं, ओकायामासारखं. वाण आपला मावळचा इंद्रायणी नाहीतर मुळशीचा आंबेमोहर. जुलैत शाळेच्या पोरांना चिखलात उतरवावं. जमलं तर वेल्ह्याची एखादी आजी बोलवावी शिकवायला, आणि तिला चांगला रोज द्यावा. पाणी फार लागत नाही. एका गुंठ्यात पाच सेंटीमीटर पाणी उभं करायला साधारण 5000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर अर्धा. जमिनीत मुरेल ते वेगळं, पण तळाला चिखलणी नीट केली तर तेही आवरता येतं.

कृषीवाल्या मित्रांनो, तिथली माती भरावाची असणार. अशा मातीत चिखलणीने तळ किती धरेल? कुणी केलं असेल तर खाली लिहा. टेलवाल्यांनी आपापल्या चारीला पाणी कितव्या दिवशी पोचलं तेही टाका, मी तक्ता करतोय.