गवताची पारख

आपल्या भाषेनें गवताची जितकी उपेक्षा केली आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीची केली नसेल. एखाद्या गोष्टीची कवडीइतकीही किंमत वाटत नाहीं असें सांगावयाचें झालें कीं आपण ती तृणवत् मानतों. हरलेल्या वीराला दांतीं तृण धरावयास लावतों. आणि बुडत्याच्या हातीं काडीशिवाय दुसरें कांहीं देत नाहीं. मीही हीच भाषा बोलत वाढलों आणि उमेदीचीं तीस वर्षें हीच भाषा मुलांना शिकवीत आलों. परंतु गेलीं चार वर्षें माझ्या घरांत वाळलेल्या गवताच्या पेंढीला जो मान आहे तो आंबेमोहोर तांदुळालाही नाहीं. तांदूळ संपले तर वाण्याकडून आणतां येतात. चांगलें गवत संपलें तर तें कोठून आणावें, हा प्रश्न पुण्यासारख्या शहरांत मोठा बिकट आहे. या प्रश्नानें मला पुष्कळ हिंडविलें, आणि हिंडतां हिंडतां जें दाखविलें तें सांगण्याजोगें आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रश्नाच्या मुळाशीं दोन ससे आहेत. शेजारच्या कुटुंबाची बदली परप्रांतीं झाली, आणि त्यांच्याकडील या दोन माद्या, सख्ख्या बहिणीच त्या, माझ्या मुलीनें हट्टानें ठेवून घेतल्या. मराठींत ससा हा एकच शब्द आपण दोन अगदीं भिन्न प्राण्यांना लावतों. माळावर उड्या मारीत पळतो तो रानससा; त्याचीं पिलें अंगावर केस घेऊन उघड्या डोळ्यांनीं जन्मास येतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें त्याला घरीं पाळतां येत नाहीं. घरोघर पाळतात तो बिळांत राहणारा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. त्याचीं पिलें आंधळीं व उघडीं जन्मतात. दोघांची जात निराळी, स्वभावही निराळा. परंतु गवताची आवड मात्र दोघांची सारखीच.

घरीं ससे आल्याची वार्ता पसरतांच आळींतल्या बायकामुलांची रीघ लागली. रिकाम्या हातानें कोणी येईना. कोणी गाजर आणी, कोणी केळें, कोणी बिस्किटें. एका आजीबाईंनीं तर तूप लावलेली पोळी आणली. प्रेम करावयाचें म्हणजे गोडधोड खाऊं घालावयाचें, ही आपल्या घराघरांतली रीत. परंतु ज्या पशुवैद्यांकडे आम्ही पहिल्याच दिवशीं गेलों होतों त्यांनीं बजावून ठेवलें होतें, "यांना गोड घालूं नका. यांच्यापुढें रात्रंदिवस वाळलेलें गवत असूं द्या. प्रत्येकीला रोज तिच्या अंगाएवढा ढीग." त्याचें कारणही त्यांनीं समजावून दिलें. सशाच्या तोंडांत अठ्ठावीस दांत असतात व ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दांत तर आठवड्याला सुमारें दोन मिलिमीटर वाढतात. गवताच्या चरबट काड्या तासन् तास चघळल्यानेंच त्यांची झीज होते. पोटाचाही प्रकार असाच. आंतडें सतत हलतें राहण्यास गवताचा धागा लागतो. न पचणारा जाड भाग कठीण लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. बारीक भाग आंधळ्या आंतड्यांत आंबून मऊ लेंड्या तयार होतात, आणि त्या ससा पुन्हां खाऊन त्यांतील सत्त्व घेतो. त्याला ओकारी होत नाहीं. पोटाची ही चक्की एकदां थांबली कीं एकदोन दिवसांत प्राणावर बेततें.

असें गवत दुकानांत मिळतें. तें परदेशांतून येतें व त्याचें नांव टिमथी. हें नांव माणसाचें वाटतें, आणि तें आहेही माणसाचेंच. मूळचें युरोपांतलें हें गवत वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेंत गेलें, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत टिमथी हॅन्सन नांवाच्या शेतकऱ्यानें त्याचा प्रसार केला म्हणून त्याला ही ओळख मिळाली. थंड हवेंत होणारें हें गवत सशांना उत्तम मानवतें यांत शंका नाहीं. परंतु तें येथें येईपर्यंत त्याची किंमत चांगल्या तांदुळाच्या कितीतरी पट होते, आणि इतके पैसे मोजूनही पिशवींतून काय निघेल याचा भरंवसा नसतो.

दुसऱ्या वर्षीं ऐन पावसाळ्यांत एका दुकानांतून आलेली पिशवी आम्ही उघडली तों आंतून तपकिरी, धुळकट व कुबट वासाचा भुगा निघाला. ती मीं तशीच परत पाठविली; पण दुसरी यावयास आठ दिवस लागले, आणि त्या सुमारास शहरांत इतरत्रही माल नव्हता. पालेभाजीवर दिवस काढीत असतां चौथ्या दिवशीं थोरलीनें तोंड फिरविलें. ससा हा सर्वांचें भक्ष्य. शत्रूला कळूं नये म्हणून तो आपलें दुखणें लपवितो. अंग आंखडून, डोळे अर्धवट मिटून ती कोपऱ्यांत बसली होती व मधून मधून दांत खात होती, एवढीच काय ती खूण. पशुवैद्यांनीं औषध दिलें, कातडीखालीं सुईनें पाणी चढविलें. माझी पत्नी भर पावसांत अंगणाच्या कडेची हरळी खुडून आणून, पुसून, तिच्यापुढें धरीत होती. रात्रीं दोनच्या सुमारास थोरलीनें एक काडी तोंडांत घेतली. तो कुरकुर आवाज ऐकतांच इतका वेळ न रडलेली माझी मुलगी रडूं लागली. या मुक्या जिवांचे प्राण एका पिशवीवर टांगून ठेवावयाचे नाहींत, आपल्या जवळच्या मातींतलें गवत शोधावयाचें, असें मीं त्या रात्रीं ठरविलें.

प्रथम मी वैरणीच्या बाजारांत गेलों. तेथें तीन जिनसा होत्या. कडब्याचीं ताटें गाईबैलांच्या दाढांसाठीं. सशाला तीं जड. भाताचा पेंढा मऊ खरा, परंतु त्याचें सारें सत्त्व दाण्यांत जाऊन उरलेली ती नुसती काडी. तिसरा लसूणघांस. तो हिरवा, सुवासिक, आणि सशांना वेड लावणारा. पण त्यांत चुन्याचा व प्रथिनांचा अंश फार. वाढत्या पिलांना तो चालतो. थोर सशांना रोज घातला तर लघवींत चुन्याचा गाळ धरण्याची भीति. मी प्रत्येक जिनसाचा वास घेत आहें असें पाहून वैरणवाल्यानें विचारलें, "काका, गाय किती दूध देते?" गाय नाहीं, ससे आहेत, असें सांगतांच त्यानें पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळविलें.

मग मी मावळांतल्या डोंगरांकडे वळलों. भाद्रपदांत तेथें पवना, डोंगरी, मारवेल अशीं गवतें कमरेइतकीं वाढून फुलोऱ्यास आलीं होतीं. गवत कापावें तें याच वेळीं, कारण तोंवर पानांत रस असतो. परंतु पाऊस उघडण्याचें नांव घेईना. ऊन आहे तोंवर गवत वाळवून घ्या, अशी इंग्रजांची एक म्हण आहे. ती त्यांच्या देशांत ठीक. तेथें गवत फुलतें तें उन्हाळ्यांत. आपल्या घाटमाथ्यावर गवत फुलतें तेव्हां ऊन नसतें, आणि ऊन पडतें तेव्हां गवत फुललेलें नसतें. दिवाळीच्या सुमारास मी पुन्हां गेलों. विळे चालूं लागले होते, पण गवत पिवळें पडून बीं झडलें होतें व काडी लांकडासारखी झाली होती. त्यांत कुसळी मिसळलेली. कुसळ हें मोठें चमत्कारिक यंत्र आहे. ओल लागली कीं तें पीळ सोडतें, वाळलें कीं पुन्हां पीळ घेतें, आणि त्या पिळण्यानें आपलें अणकुचीदार बीं मातींत घुसवितें. मातीऐवजीं धोतर असो, मेंढराचें कातडें असो, कीं सशाची जीभ असो, त्याला भेद नाहीं.

उत्तर सांपडलें तें सह्याद्रीच्या पूर्वेच्या अंगाला. पुरंदर तालुक्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील शेती करतात. तिकडे पाऊस थोडा, आणि ऐन पावसाळ्यांतही आठ-आठ दिवसांची उघडीप मिळते. तेथल्या बांधांवर मारवेल आपोआप येतें. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें त्याचे सुधारलेले वाणही काढले आहेत, व आबांनीं त्यांचीं ठोंबें आणून विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत लावलीं होतीं. काडी बारीक, पान भरपूर, गोडसर वास. तुरे नुकते डोकावूं लागले होते. मीं विचारलें, "आबा, हें दोन दिवसांत कापून द्याल का?"

"मास्तर, आत्ता कापलं तर वजन कुठनं भरायचं? महिनाभर उभं राहूं द्या, भारा दुप्पट होईल."

या एका वाक्यानें माझ्या दोन वर्षांच्या हिंडण्याचा उलगडा झाला. बाजारांत चांगलें गवत कां मिळत नाहीं? पाऊस हें त्याचें अर्धें कारण. आपण तें वजनानें विकत घेतों हें उरलेलें अर्धें. गवत जितकें जून तितकें जड, आणि जितकें जड तितके पैसे अधिक. मग कोवळेपणीं कापण्याचा तोटा शेतकऱ्यानें कां सोसावा? हा तराजू आजचा नव्हे. गोदावरी परुळेकरांच्या लेखनामुळें मराठी वाचकांस परिचित झालेल्या १९४५ सालच्या वारल्यांच्या लढ्यांत गवतकापणीची मजुरी हा मोठा प्रश्न होता, आणि ती मजुरीही पांचशें पौंड गवताच्या हिशेबानें मागितली जात होती. वजनांत गवताचा वास भरत नाहीं, रंग भरत नाहीं, आणि कापणाऱ्या हातांवरचे ओरखडेही भरत नाहींत.

"आबा," मीं म्हटलें, "मी किलोनें घेतच नाहीं. या दोन गुंठ्यांत महिन्यानें जेवढें भरलें असतें तेवढ्याचे पैसे देतों, कापणीची मजुरी निराळी. दिवस मात्र मी सांगेन तो."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैशाचं ठीक आहे. पण राग मानूं नका, मास्तर. दुष्काळांत चाऱ्यापायीं मीं बैलजोडी विकली. आणि तुम्ही सशासाठीं…" वाक्य त्यांनीं तेथेंच सोडलें.

राग मानण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. २०१९ च्या उन्हाळ्यांत राज्यांत ठिकठिकाणीं चारा-छावण्या उघडाव्या लागल्या होत्या, आणि खुंट्याचीं जनावरें दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधणाऱ्या माणसांचे चेहरे आपण सर्वांनींच छायाचित्रांतून पाहिले आहेत. मीं हिशेब मांडून दाखविला. दोन सशांना रोज सव्वाशें-दीडशें ग्रॅम, वर्षाला पन्नास किलोंच्या आसपास. म्हणजे एका बैलाचा सुमारें आठवड्याचा चारा. हिशेब बरोबर होता, पण हिशेबानें त्या प्रश्नाचें उत्तर होत नाहीं हें आम्हां दोघांनाही कळत होतें. शेवटीं एक अट मीं आपण होऊन घातली: ज्या वर्षीं पाऊस ओढ देईल त्या वर्षीं या दोन गुंठ्यांवर पहिला हक्क आबांच्या गाईचा, मी दुकानाची महागडी पिशवी आणीन. हौस करावयाची तर तिचा भार आपण उचलावा, तो दुसऱ्याच्या दावणीवर टाकूं नये, एवढेंच मला त्या वेळीं सुचलें.

कापणी सकाळीं दंव वाळल्यावर झाली. पहिला दिवस गवत पातळ पसरून उन्हांत, दोन वेळां उलथून. पुढचे दोन दिवस छपराच्या सांवलींत, नाहीं तर रंग उडतो आणि पानें चुरून जातात. मूठभर काड्या पिळून पाहाव्या. ओलसर लागूं नयेत आणि भुगाही होऊं नये. आबा या बाबतींत माझे गुरु. त्यांनीं भाऱ्याच्या पोटांत हात घालून सांगितलें, "अजून ऊब आहे, रचूं नका." ओलें गवत दाबून रचलें तर तें आंतून तापतें, बुरसतें, आणि मोठ्या गंजीला कधीं कधीं आपोआप आगही लागते. सुक्याबरोबर ओलेंही जळतें असें आपण म्हणतों. गंजींत मात्र ओल्यापायीं सुकें जळतें. घरीं आम्ही तें सुती पोत्यांत भरून माळ्यावर ठेवतों, प्लॅस्टिकमध्यें नाहीं. हिरवट रंग, काडीला धरून राहिलेलें पान, झटकलें तर न उडणारी धूळ, आणि पोतें सोडतांच खोलीभर पसरणारा वास, ही चांगल्या गवताची ओळख. शेवटची परीक्षा अर्थात् माझ्या हातीं नाहीं. ती घेणाऱ्या दोघी नाक हलवीत येतात आणि क्षणांत निकाल देतात.

याला आतां दोन पावसाळे झाले. गेल्या भाद्रपदांत मी गवत आणावयास गेलों तेव्हां आबांच्या बांधावर माझ्या दोन गुंठ्यांपलीकडची एक पट्टीही तुऱ्यावर कापलेली दिसली. मीं सहज विचारलें, "आणखी कोणी सशेवाला भेटला कीं काय?"

"नाहीं हो," आबा म्हणाले, "गाईला घालून बघितलं. एरवीं निम्मं पायाखालीं तुडवते. या वेळीं काडी सोडली नाहीं. भारा कमी भरतो खरा, पण वाया काय जात नाहीं." मग पट्टीकडे पाहात त्यांनीं पुढें म्हटलें, "पुढच्या साली आणखी एक पट्टी अशीच कापीन म्हणतों."