जुने टेप, जुने तवे आणि आमची नोंदवही

भिवंडी तालुक्यातील पूर्णा हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, काशेली, दापोडे या पट्ट्यात एकेकाळी भातशेती होती. मुंबईत जकात द्यावी लागे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत ती नव्हती. म्हणून व्यापाऱ्यांनी आपला माल इकडे आणून ठेवायला सुरुवात केली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामे राहिली, उलट वाढली. नवे टीव्ही, नवे फ्रीज, नवे मोबाईल येथून ट्रकवर चढतात आणि त्याच रस्त्याने जुन्या वस्तूंच्या भंगाराचे टेम्पो धावतात. नव्या मालाची नोंद दहा ठिकाणी होते. भंगाराची नोंद होते ती फक्त किलोमध्ये.

आम्ही अशाच एका गोदामात कारकून आहोत. आवक-जावक लिहिणे, शिल्लक जुळवणे हे आमचे पोटापाण्याचे काम. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मात्र आम्ही दुसरीच एक वही लिहीत असतो. तिच्यात जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर आणि कर्णे यांची नोंद असते. एकाची दोन झाली, दोनाच्या तीन वह्या झाल्या. भिवंडी, कल्याण, ठाणे इकडचे ओळखीचे मेकॅनिक आता एखाद्या जुन्या यंत्राचे काही अडले की आमच्याकडे निरोप पाठवतात.

आमचे काही कार्यकर्ते बंधू यावर नाराज असतात. "पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही भंगार पुसत बसता! हा श्रीमंतांचा छंद, आपला नव्हे," असे ते तोंडावर बोलतात. प्रश्न रास्त आहे. त्याला नीट उत्तर मिळावे म्हणूनच हा लेखनप्रपंच.

वास्तविक पाहता आपली चळवळ जितकी छापील कागदावर वाढली तितकीच ती आवाजावर वाढली. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढला, १९३० साली 'जनता' निघाले. पण ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या आपल्या आजी-आजोबांपर्यंत बाबासाहेबांचा विचार कोणी नेला? जलसाकारांनी, शाहिरांनी आणि गायन पार्ट्यांनी. ढोलकी, पेटी, टाळ एवढ्या सामग्रीवर त्यांनी वस्त्या जाग्या केल्या. पुढे त्यांच्या मदतीला ॲम्प्लिफायर आणि कर्णा आला. आहुजा कंपनीचे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ॲम्प्लिफायर आले, तेव्हा वीज नसलेल्या वस्तीतही भीमजयंतीची सभा शेवटच्या झोपडीपर्यंत ऐकू जाऊ लागली.

त्याआधीचा काळ तव्यांचा, म्हणजे ग्रामोफोन रेकॉर्डचा. जुने तवे मिनिटाला ७८ फेरे घेत आणि ते लाखेचे असत. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते, आणि आपल्या देशातून ती जगभर जात असे. हातातून पडला की तवा फुटलाच. तवे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघत, आणि त्या धंद्यात एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. हीच कंपनी २००० साली सारेगामा झाली. कोणाचा आवाज तव्यावर जायचा हे कंपनीचा साहेब ठरवी. गिरणीत किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या आपल्या गायकाला त्या दारात सहज प्रवेश कुठला मिळणार?

ही मक्तेदारी मोडली कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट जगापुढे आणली. आपल्याकडे तिचा खरा जोर १९८० नंतर झाला. आखातात नोकरीला गेलेली माणसे येताना टू-इन-वन घेऊन आली, इकडेही स्वस्त यंत्रे मिळू लागली, आणि गल्लीबोळात कॅसेट कंपन्या निघाल्या. थोड्या भांडवलात कोणालाही कॅसेट काढता येऊ लागली. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील या बदलावर 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथ लिहिला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या वाचकांना मात्र त्यासाठी ग्रंथ वाचायची गरज नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग आपण सर्वांनी पाहिले आहेत. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज त्या काळात आपल्या घराघरात राहायला आले.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच गेले. या थोर कलावंतांची गाणी पुष्कळ प्रमाणात नव्या साधनांवर उतरली आहेत. त्यांची आम्हाला तितकीशी काळजी नाही. काळजी आहे ती दुसऱ्या कॅसेटची. गावच्या जयंतीला कोणीतरी टू-इन-वनचे लाल बटण दाबून भरून घेतलेला जलसा, वर्षावासातील भन्तेजींचे प्रवचन, वडिलांचे भाषण, आईने म्हटलेली ओवी, नामकरणाच्या दिवशीचा पाळणा. यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. ती आपल्या पत्र्याच्या पेटीत, गोधडीखाली पडलेली आहे.

आता कोणी म्हणेल, कॅसेट आहे ना, मग झाले. पण कॅसेट एकटी मुकी असते. तिच्यातील फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने ती हेडवरून सरकली तरच मूळ आवाज निघतो. यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला की वेग कमी होतो आणि बाईचा आवाज पुरुषासारखा जाडा ऐकू येतो. फीत ओढणारा रबरी रूळ कडक झाला की टेप कॅसेट खातो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित फिरला की हेड तिरके बसते आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा बसका येतो. अशा वेळी माणसे म्हणतात, "कॅसेट खराब झाली," आणि ती फेकून देतात. अनेकदा कॅसेट चांगली असते, दोष यंत्रात असतो.

आमच्या वहीचा उपयोग इथे होतो. एकेका यंत्राला एकेक पान आहे. कंपनी, मॉडेल क्रमांक, किती व्होल्टवर चालते, पट्टा किती लांबीचा, सुई कोणत्या जातीची, कोणता भाग आधी बिघडतो, त्याऐवजी दुसऱ्या कोणत्या यंत्राचा भाग बसतो, सुटा भाग लॅमिंग्टन रोडला मिळतो की चोर बाजारात, असे रकाने आहेत. परदेशातून आलेली काही यंत्रे ११० व्होल्टवर लावलेली असतात. पाठीमागची कळ न बदलता आपल्या २३० व्होल्टला जोडली की धूर निघतो. लाखेच्या तव्याला रुंद सुई लागते, एलपीला बारीक. बारीक सुई जुन्या तव्यावर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. या गोष्टी एकेकाळी प्रत्येक मेकॅनिकला पाठ होत्या. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता, तेथे काम करून हात बसलेली माणसे या भागात होती. ती वयोवृद्ध झाली, काही निघून गेली. त्यांच्या डोक्यातले ज्ञान कोठेही लिहिलेले नव्हते. आम्ही त्यांच्याजवळ बसून जेवढे लिहून घेता आले तेवढे घेतले.

वहीतला शेवटचा रकाना मात्र आमचा स्वतःचा आहे. त्याचे शीर्षक आहे, 'या यंत्रावर कोणाचा आवाज वाजला.' कंपनीच्या माहितीपत्रकात असा रकाना नसतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्या वस्तीपासून जवळच राहणाऱ्या एका मावशींचे यजमान यंत्रमागावर कामाला होते आणि रात्री गायन पार्टीत पेटी वाजवीत, गातही असत. ते जाऊन बरीच वर्षे झाली. मावशींच्या घरी त्यांचा एकही चांगला फोटो नव्हता, पण एक कॅसेट होती. मुलाने ती दोन ठिकाणी वाजवून पाहिली. एका यंत्रात ती गुंतली, दुसऱ्यात नुसती घरघर आली. भंगारवाला दारात आला तेव्हा टू-इन-वन आणि कॅसेट दोन्ही त्याच्या हातगाडीवर चढली होती. सूनबाईंना ऐनवेळी आमची आठवण झाली, म्हणून ती खाली उतरली.

वहीत त्याच मॉडेलचे पान निघाले. पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. तो खरवडून, स्पिरिटने पुसून, दुसऱ्या यंत्राचा त्याच मापाचा पट्टा घातला. कॅसेटची फीत पेन्सिलीने हळूहळू गुंडाळून घेतली. एका रविवारी सर्व घर जमले. पहिली बाजू लावली तर हिंदी सिनेमाची गाणी. कोणीतरी कधीतरी वरून भरली होती. मावशी काही बोलल्या नाहीत. दुसरी बाजू लावली. तीवरही सुरुवातीला सिनेमाच होता आणि मग मध्येच तो तुटला. पेटीचा सूर आला, टाळ आले आणि एक खडा आवाज गाऊ लागला. साडेचार मिनिटांचे ते गाणे. ते संपल्यावर तोच आवाज म्हणाला, "पाणी द्या रे कोणी." मावशी उठून उभ्याच राहिल्या. नातवाने आजोबांचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. तो म्हणाला, "आजी, बाबा असेच बोलतात."

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा भरता येत नाही. ही एवढी गोष्ट त्या घरात कोणाला माहीत असती, तर साडेचार मिनिटांऐवजी पूर्ण तास राहिला असता.

आवाज टिकला की काय होते, याची मोठी उदाहरणेही आहेत. १९५५ साली बीबीसीने बाबासाहेबांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. ती जपली गेली म्हणून आजचे आपले मूल बाबासाहेबांचा प्रत्यक्ष आवाज ऐकू शकते. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर' या १९८५ सालच्या चित्रपटासाठी टिपून ठेवले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसे मारली गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच या शाहिराने आपले जीवन संपविले. पुढे २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' आला, त्यात देशाने त्यांना पुन्हा गाताना पाहिले. टिपून ठेवणारा कोणी नसता तर गोळीबाराची नोंद सरकारी कागदात राहिली असती, शाहिराचा आवाज राहिला नसता.

चांगदेव खैरमोडे यांनी नोकरी सांभाळून बाबासाहेबांच्या चरित्राची साधने आयुष्यभर गोळा केली. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच निघाला. वसंत मून यांनीही सरकारी नोकरीत राहून बाबासाहेबांचे कागद जपले, आणि १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे जे खंड काढले त्यांतील पुष्कळ खंडांचे संपादन केले. त्यांच्या कामाशी आमची तुलना होऊच शकत नाही. पण नोकरी करणाऱ्या, वही लिहिणाऱ्या साध्या माणसाच्या हातून समाजाचे काम होऊ शकते, एवढा धडा आम्ही त्यांच्यापासून घेतला. शेकडो वर्षे आपल्याला लिहू दिले नाही, म्हणून आपल्या पूर्वजांचा आवाज वाऱ्यावर गेला. आज लिहायला कोणी अडवत नाही. आता जे हरवेल ते आपल्या आळसाने हरवेल.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. दिवाणखान्याच्या शोभेसाठी जुनी यंत्रे विकत घेणारे लोक आता फिरतात. गरज असेल तर यंत्र जरूर विका, पण आधी त्याचे झाकण उघडून आत कॅसेट राहिली आहे का ते पाहा. घरातील प्रत्येक कॅसेटच्या खिट्ट्या आजच मोडा. तिच्यावर पेनाने गाव, साल, प्रसंग आणि गाणाऱ्याचे नाव लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा, कारण उद्या सांगायला ते नसतील. पावसाळ्यात फितीला बुरशी येते, म्हणून पेटी कोरड्या जागी ठेवा. लाऊडस्पीकरमध्ये लोहचुंबक असते, त्यावर कॅसेट ठेवू नका. बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालण्याची घाई करू नका, आधी जाणकाराला दाखवा. आणि एकदा आवाज निघाला की लगेच मोबाईलवर किंवा संगणकावर उतरवून दोन-तीन ठिकाणी ठेवा. जुने यंत्र पुन्हा किती वेळा साथ देईल याचा भरवसा नसतो.

प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. कोणाच्या घरी कोणती कॅसेट आहे, कोणाकडे चालू स्थितीत टेप आहे, एवढेच त्यात लिहायचे. महिला मंडळाने किंवा दहावी-बारावीच्या मुलामुलींनी सुट्टीत घरोघर फिरून हे काम केले तर एका महिन्यात वस्तीची यादी तयार होईल. खर्च एका वहीचा आणि एका पेनाचा.

आमच्या वह्यांतील माहिती कोणाही मेकॅनिकला किंवा विद्यार्थ्याला उतरवून घ्यायची असेल तर आमची ना नाही. मावशींच्या टू-इन-वनच्या पानावर शेवटच्या रकान्यात त्यांच्या यजमानांचे नाव आम्ही लिहिले आहे. तसे कितीतरी रकाने अजून रिकामे आहेत.

जयभीम!