घाट उद्या चढा

लातूर-नांदेडकडची मंडळी बोटीवर आली की मी आधी विचारतो, "परत कधी निघणार?" बहुतेकांचं ठरलेलं असतं: सकाळी स्कूबा डाइव्ह, दुपारी माशाचं जेवण, संध्याकाळी गाडी घाटाला. मीही लातूरचाच, ही घाई मला कळते. तरी मी अडवतो.

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तो निघायच्या आत आंबोलीचा जवळपास 700 मीटरचा घाट चढलात, तर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मग सांधे ठणकतात, मुंग्या येतात, कधी पाय लुळे पडतात. म्हणून दोन-तीन डाइव्ह झालेल्यांनी ती रात्र किनाऱ्यावरच काढायची.

आमच्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकलेली. दम कोंडून बुडी मारायची त्यांची सवय इथं जिवावर बेतते. 10 मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून वर आलं, तर छातीतली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मी आधी उथळ पाण्यात अखंड श्वास घ्यायला लावतो.

गोव्यात ग्रँड आयलंडजवळच्या सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर गेलं की सगळ्यांना आत डोकवायचं असतं. पायातल्या फिनचा एक फटका बसला तरी गंजाचे पापुद्रे सुटतात, गाळ उठतो, स्वतःचा हात दिसत नाही. वर लोखंडी छत, सरळ वर येणं बंद. आत जाणारे प्रशिक्षित डाइव्हरही हवेचे तीन वाटे करतात: एक जायला, एक यायला, एक संकटासाठी. शिवाय परतीची दोरी सोडत नाहीत. ज्याचं प्रशिक्षण नाही, त्याला मी बाहेरूनच फिरवतो, पैसे कितीही देवो.

आणि खिशात काही घालायचं नाही. गोव्यातल्याच सुंची रीफवरच्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाची ओळख दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला तळाशी सापडलेल्या तोफा, हस्तिदंत आणि चिनी मातीच्या तुकड्यांवरूनच पटली. एकेकानं एकेक तुकडा नेला असता, तर ते जहाज कुणाचं हे कधीच कळलं नसतं. बुडालेलं जहाज अनेकदा माणसांची कबरही असतं. 17 जुलै 1947 ला बुडालेल्या 'रामदास' या प्रवासी बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसं गेली. अशा जागी सहल काढायची नसते.

पैसे भरण्याआधी बोटवाल्याला विचारा, तुम्ही कुणाला कधी परत पाठवलंय का? ज्यानं कधीच कुणाला नकार दिलेला नाही, त्याच्या बोटीत बसू नका.