उसण भरते तेव्हा

वेदना म्हणजे संवेदना आणि भावना यांचा मिळून होणारा एकच अनुभव. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या व्याख्येत हे स्पष्ट म्हटले आहे. २०२० मध्ये व्याख्या सुधारली, पण हा गाभा तसाच राहिला. मराठीला ही गोष्ट नवी नाही. काळजीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने हातपाय गळतात. तरीही रोज धावणारा किंवा सायकल चालवणारा माणूस ही समजूत स्वतःला लावत नाही. कंबरेत उसण भरली की तो बूट बदलतो, सीटची उंची तपासतो.

फरीदाबादसारख्या शहरात असे शरीर रोज पाहायला मिळते. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी उभारलेली ही औद्योगिक नगरी. तिथल्या कारखान्यांतला एखादा पर्यवेक्षक रविवारी पहाटे अरवलीतून जाणाऱ्या गुरुग्राम रस्त्यावर सायकल काढतो. चढावर त्याचे पाय नीट चालतात. खांदे मात्र कानांपर्यंत चढलेले असतात, मुठी हँडलवर आवळलेल्या असतात. आठवडाभर उत्पादनाचा आकडा गाठताना ते तसेच होते. सोमवारी मान वळत नाही, तेव्हा दोष सायकलीला जातो.

यामागची क्रिया शरीराचीच आहे. ताणाखाली मज्जासंस्था सावध राहते आणि मान-खांद्याचे स्नायू काही न उचलताही किंचित आवळलेले राहतात. हे आकुंचन इतके थोडे असते की माणसाला जाणवत नाही. पण स्नायूच्या त्याच त्या तंतूंना तासन्‌तास उसंत मिळत नाही. त्यात झोप तुटते आणि व्यायामाने झालेली बारीक झीज भरून यायला वेळ लागतो. शिवाय मेंदू वेदनेचे संदेश जसेच्या तसे स्वीकारत नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मज्जारज्जूत या संदेशांना जणू एक फाटक असते आणि ते किती उघडायचे यात मेंदूचाही हात असतो. भीती आणि चिंता ते उघडे ठेवतात. खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ताणाने लक्ष आकसते, स्नायू ताठरतात आणि दुखापतच होण्याची शक्यता वाढते, असे मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स यांनी १९८८ मध्ये मांडले.

कारखान्याच्या गावाला सर्वांत जवळचा पुरावा बोईंग कंपनीतला आहे. तिथल्या ३,०२० कामगारांवर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आपले काम क्वचितच आवडे, त्यांनी पाठीची दुखापत नोंदवण्याची शक्यता काम आवडणाऱ्यांच्या अडीचपट होती. हे कामगार ढोंग करत होते, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. उलट, एमआरआयच्या चित्रात दिसतो तेवढाच बिघाड खरा, हा समज कच्चा आहे. १९९४ मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तेव्हा ५२ टक्के लोकांच्या मणक्यांमधली एखादी तरी चकती फुगलेली निघाली.

सक्रिय माणसाची अडचण दुहेरी असते. व्यायाम हाच त्याचा ताण उतरवण्याचा मार्ग. दुखण्याने तो बंद झाला की ताण वाढतो आणि वाढलेला ताण दुखणे टिकवतो. अशा वेळी ‘सगळं मनातलं आहे’ हे वाक्य फार दुखावते, आणि ते चुकीचेही आहे. सरसकट सक्तीची विश्रांतीही बहुधा कामाची नसते. गंभीर कारण नसेल तर झेपेल एवढी हालचाल चालू ठेवून ती हळूहळू वाढवणे बरे.

मात्र आधी तपासणी हवी. पायात वाढता अशक्तपणा, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे, ताप, कारणाविना घटणारे वजन, हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल अशी कळ, यांपैकी काहीही ताणाच्या खात्यावर टाकता येत नाही.

ती शंका फिटली की सरावाच्या वहीकडे वळावे. तिच्यात किलोमीटर आणि वेळ असतो. शेजारी झोपेचे तास आणि त्या दिवशीची काळजी यांचे दोन रकाने आखता येतात. दुखणे सुरू होण्याआधीच्या पंधरा दिवसांची ती पाने फिजिओथेरपिस्टलाही दाखवावीत.