पहिलं हँडल

पावसाळा लागला की अब्बांचं उजवं मनगट दुखायला लागतं. अम्मी तेल कोमट करून चोळते आणि म्हणते, वयाचं दुखणं आहे, आता अठ्ठ्याहत्तर झाले. अब्बाही मान हलवतात. मी तिथे असलो तर काहीतरी काम काढून उठतो. ते मनगट वयामुळे दुखत नाही, माझ्यामुळे दुखतं, हे घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

गोष्ट १९८७ सालची. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचं नर्सी परभणी जिल्ह्यात होतं. अब्बांची जुनी अँबॅसेडर टॅक्सी होती, पेट्रोलवर चालणारी, मार्क थ्री. हिंगोली स्टेशनावर पूर्णा-अकोला लाइनची मीटरगेज गाडी लागली की अब्बा तिथे हजर. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून नर्सीला वर्षभर माणसं येतात, पण आमची खरी कमाई आषाढातल्या परतवारी एकादशीला. पंढरपूरची वारी करून आलेले वारकरी त्या दिवशी नर्सीला लोटतात. एरवी आठवड्यात मिळायचं नाही ते त्या दोन दिवसांत मिळायचं. त्या साली परतवारीनंतर दोनच आठवड्यांनी बकरी ईद होती, त्यामुळे घरात हिशेब आधीच मांडून झालेला होता.

मी पंधरा वर्षांचा होतो. दर रविवारी हिंगोलीला एका उस्तादांच्या गॅरेजवर जायचो. काम काय, तर पाने पुसून जागेवर ठेवायचे आणि चहा आणायचा. पण डोळे उघडे होते. एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. उस्ताद चालू गाडीचा डिस्ट्रिब्युटर थोडा सैल करायचे, कान लावून किंचित फिरवायचे आणि इंजिनाचा आवाज एकदम मोकळा व्हायचा. गाडीला पिकअप यायचा. मला वाटलं, किल्ली सापडली. उस्ताद त्याआधी पॉइंटचा गॅप मोजायचे, पुलीवरची खूण बघायचे, नंतर गाडी चढावर नेऊन आवाज ऐकायचे आणि बहुतेक वेळा थोडं मागे घ्यायचे, हे मी पाहिलं असूनही पाहिलं नव्हतं.

परतवारीच्या आदल्या संध्याकाळी अब्बा मगरिबच्या नमाजला गेले आणि मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू, अंधार पडत आलेला, अंगात लांब बाह्यांचा सैल सदरा, आणि पंख्यापासून वीतभर अंतरावर माझा हात. आज माझ्या गॅरेजवर कुणी पोरगा असा उभा दिसला तर मी आधी त्याला मागे ओढीन. डिस्ट्रिब्युटर फिरवला. आवाज चढला. मी खूश. इंजिन जास्तच जोरात फिरायला लागलं, म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू सोडून ते खाली आणलं, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. बोल्ट आवळला आणि हात धुतले.

रात्री अब्बा हिंगोलीची एक फेरी करून आले. म्हणाले, "गाडी आज हलकी पळते. पण चढावर टकटक करते. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलंय वाटतं कुणी." मी ताटाकडे बघत जेवत राहिलो. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

सकाळी फजरनंतर रिमझिम होती. बॅटरी आधीच म्हातारी, सेल्फ मारला की नुसतं 'टक' करून गप्प. अब्बांनी डिकीतून हँडल काढलं. हँडल मारण्याचे त्यांचे नियम पक्के होते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. अंगठा हँडलला वेढायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. त्यांनी सगळं बरोबर केलं. अर्धा फेरा वर आला आणि इंजिनाने हँडल उलटं भिरकावलं. अंगठा वाचला. पण हातातून सुटलेलं लोखंड गोल फिरून मनगटावर बसलं. अब्बा बंपरवर बसले. चेहरा पांढरा पडलेला. एवढंच म्हणाले, "ही गाडी असं कधी करत नाही."

का केलं, ते सांगतो. सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडल्याबरोबर एका क्षणात जळत नाही, थोडा वेळ घेतं. वेळ म्हणजे किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावी इतकी. पण मिनिटाला ३००० फेऱ्या घेणारा क्रँक एका हजारांश सेकंदात १८ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी टाकतात, की दाब तयार होईपर्यंत पिस्टन माथ्यावरून खाली वळलेला असावा. याला टायमिंग 'ॲडव्हान्स' करणं म्हणतात. वेग वाढेल तसं आणखी आधी लागतं, आणि ते काम डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वजनं आपोआप करतात. झोक्याचं बघा. झोका मागे येऊन परत फिरला की ढकलायचं, तो उंच जातो. तो अजून आपल्याकडे येत असतानाच ढकललं तर मार आपल्याच हाताला बसतो. धावत्या इंजिनाला घाईची ठिणगी चालून जाते, थोडं टकटक करतं इतकंच (तीही टकटक महिनोन्‌महिने चालली तर पिस्टन खाते). पण माणूस हाताने हँडल फिरवतो तेव्हा पिस्टन अगदी सावकाश वर येत असतो. वर पोचायच्या आत दाब भरला तर तो उलटाच फिरतो. आणि हँडलच्या दात्यांना उतार एकाच बाजूने असतो. इंजिन पुढे पळालं तर हँडल आपोआप सुटतं, मागे फिरलं तर सुटत नाही.

हिंगोलीत हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि पहिलाच प्रश्न केला, "हँडल मारत होता का?" मी चकित झालो. पुढे कळलं की रेडियस हाडाचं अंगठ्याकडचं टोक असं तुटतं त्याला डॉक्टरी पुस्तकात नावच आहे, शोफर्स फ्रॅक्चर, म्हणजे ड्रायव्हरचं फ्रॅक्चर. जगभरात इतकी मनगटं मोडली असणार की हाड मोडण्याला धंद्याचं नाव पडलं. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगजवळ ठिणगीचं टायमिंग मागेपुढे करणारी एक दांडी असे, आणि हँडल मारण्याआधी ती आठवणीने मागे करावी लागे. विसरला तो दवाखान्यात. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला, तेव्हा कुठे हँडलची सक्ती सुटायला सुरुवात झाली. आमच्याकडे पंचाहत्तर वर्षांनीही सुटली नव्हती, कारण नवी बॅटरी महाग होती.

सहा आठवडे प्लास्टर. परतवारीची माणसं दुसऱ्यांच्या गाड्यांतून आली आणि गेली, आमची गाडी दारात भिजत उभी. त्या बकरी ईदला आमच्या घरी कुर्बानी झाली नाही, चाचांकडून हिस्सा आला. अम्मीने तो हसतमुखाने घेतला. मला तो घास गिळायला जड गेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी अब्बा गळ्यात हात अडकवून गाडीपाशी गेले आणि मला हाक मारली. बॉनेट उघडायला सांगितलं. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी त्यांनी कधीकाळी छिन्नीने एक बारीक रेघ मारून ठेवली होती, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी ब्लॉकवर. दोन्ही अर्ध्या रेघा आता एका ओळीत नव्हत्या. ते रेघेकडेच बघत म्हणाले, "किती फिरवलंस?"

"नखभर."

"डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इथे पाच अंश म्हणजे खाली दहा. तुझं नखभर तिकडे बोटभर होतं." एवढंच. ना शिवी, ना हात उगारला. मग म्हणाले, "पाने आण. माझा हात बांधलेला आहे, तुलाच लावावं लागेल."

त्या दुपारी मी टायमिंग लावायला शिकलो. गाडी थंड. चाकांमागे दगड. शेडचं दार सताड उघडं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत तो माणसाला नकळत झोपवतो. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात, बाह्या कोपरापर्यंत वर. प्लग काढले, म्हणजे इंजिन हलक्या हाताने फिरेल. कॉईलची मधली वायर काढून गाडीच्या बॉडीला घट्ट टेकवून ठेवली, म्हणजे स्विच चालू असताना ठिणगी भलतीकडे उडणार नाही. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. आधी पॉइंट साफ करून त्यांचा गॅप फिलरने लावला, पंधरा थाउ, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशाच्या आसपास. गॅप आधी, टायमिंग मग, हे अब्बांनी तीनदा सांगितलं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग गुपचूप पुढे सरकतं. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला की सगळी मेहनत वाया.

मग पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेनेच हळू फिरवलं. अंगठ्याला हवेचा दाब लागला, म्हणजे पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतोय. पुलीवरची खाच समोरच्या काट्यावर, पुस्तकात दिलेल्या अंशावर आणून थांबवली. डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टोकापासून बॉडीपर्यंत बारा व्होल्टचा एक साधा बल्ब जोडला आणि स्विच चालू केला. पॉइंट मिटलेले तोवर बल्ब विझलेला, पॉइंट उघडले की पेटतो. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला डिस्ट्रिब्युटर वळवला की टायमिंग मागे येतं, उलट वळवला की पुढे जातं. मागे घेतला, मग केसाकेसाने पुढे आणला. बल्ब पेटला तिथे थांबलो. बोल्ट आवळला, स्विच बंद केला. अब्बांनी छिन्नी पुढे केली. पाहिलं तर जुन्या दोन्ही अर्ध्या रेघा समोरासमोर आल्या होत्या. छिन्नी लागली नाही.

प्लग बसवले, वायरी १, ३, ४, २ या क्रमाने लावल्या. मला वाटलं झालं. अब्बांनी डाव्या हाताने हँडल उचलून माझ्यापुढे धरलं.

"ज्याने टायमिंग लावलं, पहिलं हँडल त्याचं."

मी हँडल घेतलं आणि खाली ठेवलं. बॉनेट पुन्हा उघडलं. प्लग काढले, बल्ब जोडला, खाच पाहिली, बोल्ट पुन्हा दाबून बघितला. अब्बा शेजारी उभे होते, घाई कर म्हणाले नाहीत. दुसऱ्यांदा सगळं बरोबर निघाल्यावरच मी गाडीसमोर उभा राहिलो. अंगठा बोटांच्या बाजूला. वर ओढलं. इंजिन चालू झालं आणि हँडल आपसूक सुटून माझ्या हातात राहिलं. त्या आठवड्यात अब्बा पहिल्यांदा हसले.

पुढे मी आयटीआय केलं, हिंगोली रोडवर गॅरेज टाकलं. टायमिंग लाइट घेतला. ते बंदुकीसारखं यंत्र पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकतं आणि त्या उजेडात फिरती पुली जागच्या जागी थांबलेली दिसते. काम पटकन होतं, पण बल्बपेक्षा हे मला जास्त धोक्याचं वाटतं. थांबलेली दिसते म्हणून खडूने खूण करायला हात पुढे जातो. माझ्याकडच्या एका पोराचा असाच गेला होता. बोटं राहिली, नख गेलं. आता तर नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच नाही, टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो आणि इंजिन टकटकलं तर स्वतःच मागे घेतो. तरी पिकअपसाठी छेडछाड करून मागणारी पोरं येतातच. त्यांना मी अब्बांचं मनगट दाखवायला घरी नेऊ शकत नाही, म्हणून नाही म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात सेनगावकडचे एक गृहस्थ वाड्यात पडून राहिलेली अँबॅसेडर ओढून घेऊन आले. माझी मुलगी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करते, सुट्टीला आली होती. म्हणाली, अब्बू, ही मी करते. मी बाजूला झालो. अब्बा खुर्ची टाकून बसले, हल्ली त्यांना कमी दिसतं, पण कान तिखट आहेत. ओढणी काढून तिने खुंटीला अडकवली, केस बांधले, चाकांमागे दगड लावले. गॅप, खाच, बल्ब. बल्ब पेटला, विझला, पुन्हा पेटला. बोल्ट आवळून तिने हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं, आता तुम्ही चालू करा अशा नजरेने.

खुर्चीतून आवाज आला, "पहिलं हँडल कुणाचं?"

ती क्षणभर थांबली. मग वळली आणि बल्ब पुन्हा जोडायला लागली.